गाणारा काउबॉय आणि कुंपणाशी उभी बाई

शनिवारी दुपारी आमच्या घरात कोणी मरायला टेकलं असतं, तरी त्याला तासभर थांबायला लागलं असतं. त्या वेळेला टीव्हीवर काउबॉयचा सिनेमा असायचा. धुळीने माखलेले, दाढी वाढलेले, उठताबसता रक्त सांडणारे ते नंतरचे काउबॉय नव्हेत. हे त्यांच्या आधीचे, काळेपांढरे, स्वस्तात उरकलेले सिनेमे. त्यात हिरो पांढरी हॅट आणि कडक इस्त्रीचा शर्ट घालून घोड्यावर बसायचा आणि गायचा. दरोडेखोर मागे लागलेत, कोणा म्हाताऱ्याची गुरं चोरीला गेलीत, आणि हा गिटार काढतोय. गिटार आली कुठून हे कोणी विचारत नसे. आमच्याकडच्या लोकल स्टेशनला हे सिनेमे बहुतेक किलोच्या भावात मिळाले असावेत, कारण वर्षानुवर्षं त्यांनी तेच तेच फिरवून दाखवले आणि वर्षानुवर्षं आम्ही ते पाहिले.

त्या दुपारचे आवाज मला अजून पाठ आहेत. खिडकीतला एसी घरघरायचा. टीव्ही तापेपर्यंत त्यातून नुसती गुणगुण यायची आणि मग हळूहळू चित्र उमटायचं. बाबा अँटेनाच्या शिंगांना ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळून ती इकडेतिकडे वळवायचे आणि स्वयंपाकघरातून चिवड्याची फोडणी चरचरल्याचं ऐकू यायचं. तेव्हा टेक्सासातल्या आमच्या प्लेनोत पोहे मिळत नसत. तेव्हाचं प्लेनो म्हणजे कापसाची शेतं, गायरानं आणि मधूनमधून आमच्यासारख्यांची नवी घरं. आई नाश्त्याच्या तांदळाच्या सीरियलचा चिवडा करायची. त्या सीरियलमध्ये मुळातच साखर, त्यामुळे कितीही तिखट-मीठ घाला, चिवडा गोडसरच लागायचा. आज माझ्या घरापासून गाडीने पाच मिनिटांवर जाडे, पातळ, दगडी सगळे पोहे मिळतात, आणि तरी माझ्या जिभेला खरा चिवडा तोच वाटतो. वाटणारच. माणसाला जे आधी मिळतं ते खरं वाटतं, आणि हे फक्त चिवड्याबद्दल म्हणत नाही मी.

मी हे मराठीत का लिहिते आहे असं माझ्या मुलीने फोनवर विचारलं. ‘मम्मा, हू विल रीड इट?’ मी म्हटलं, बाई गं, मला इंग्रजीत नोकरी करता येते, भांडता येतं, टॅक्स भरता येतो. पण आईबद्दलचा राग मला मराठीतच येतो, त्याला मी काय करू? मी चार वर्षांची असताना टेक्सासला आले. माझं मराठी सगळं आईच्या तोंडून आलेलं आहे, स्वयंपाकघरातलं आणि कपडे वाळत घालतानाचं.

बाबांना या सिनेमांचं वेड पुण्यातच लागलं होतं. कॅम्पातल्या एका थिएटरात रविवारी सकाळी स्वस्त तिकिटात हे जुने इंग्रजी सिनेमे लागायचे आणि बाबा शाळेतल्या मित्रांबरोबर पेठेतून चालत जाऊन ते बघायचे. इंग्रजी कोणाला कळत होतं? पण कळायची गरजच नव्हती. काळी हॅट वाईट, पांढरी हॅट चांगली, आणि मध्येच गाणं. ज्या घरात संगीत नाटकं पाहतच मुलं मोठी होतात, त्या घरातल्या मुलाला यात काय विचित्र वाटणार? आमच्याकडे राजा तलवार उपसून गातो, राणी विष प्यायच्या आधी गाते, आणि लोकांना आवडलं तर प्रेक्षागृहातून ‘वन्स मोअर’ येतो. मग राणी विषाचा पेला खाली ठेवते, तेच पद पुन्हा म्हणते आणि मग मरते. हा रिवाज आहे. वन्स मोअर आला की गायचंच. तो न घेणं म्हणजे प्रेक्षकांचा अपमान आणि तो दुसऱ्याला घेऊ न देणं म्हणजे काय, ते पुढे येईलच. बाबा टीव्हीसमोर बसूनसुद्धा ‘वन्स मोअर’ ओरडायचे. हिरो अर्थातच ऐकायचा नाही, घोडा दामटत निघून जायचा. ‘गाढव आहे,’ बाबा म्हणायचे, आणि मग तेच गाणं स्वतः म्हणायचे.

ते सोफ्याच्या हातावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचे. आई तिथे एक जुना टॉवेल घालून ठेवायची, चिवड्याचे तेलकट डाग पडतात म्हणून. माझी जागा खाली कार्पेटवर. मला ते सिनेमे का आवडायचे हे मला आज अगदी नीट सांगता येतं. त्यात सगळं तासाभरात मिटायचं. वाईट माणूस हॅटवरून ओळखू यायचा. ज्याने पाणी अडवलंय तो शेवटी त्याच पाण्यात पडायचा, सगळे हसायचे आणि हिरोच्या शर्टाला एक सुरकुती पडलेली नसायची. आई चिवड्याची परात घेऊन बाहेर यायची, क्षणभर उभी राहायची आणि दरवेळी एकच विचारायची.

‘याचा शर्ट धुतं कोण?’

‘अगं, सिनेमा आहे तो.’

‘हो, पण धुतं कोण? घरी कोणी दिसत नाही याच्या.’

मी हसायचे, बाबाही हसायचे. तिला विनोद करायचा होता असं आम्ही दोघांनीही धरून चाललं होतं.

बाबांचं एक दुखणंही त्यात होतं आणि ते मी नाकारत नाही. टेक्सासला जायचं ठरलं तेव्हा त्यांना वाटलं होतं लाल डोंगर असतील, दऱ्या असतील. इथे पाहतात तर तव्यासारखी सपाट जमीन. ते डोंगर सगळे कॅलिफोर्नियात होते, शूटिंग तिकडे झालेलं. ते कामाला होते त्या फॅक्टरीत त्यांचं मधुकर हे नाव कोणाला म्हणता येईना, म्हणून त्यांना ‘मॅक’ केलं. ते बोलायला लागले की समोरचा भुवया आक्रसून ‘कम अगेन?’ म्हणायचा. आणि सिनेमात काय, तर अनोळखी माणूस एकटाच गावात येतो, कोणी त्याला तू कुठला, परत कधी जाणार असं विचारत नाही; तो एक गाणं म्हणतो आणि सगळं गाव त्याचं होतं. हे बघून फॅक्टरीतून आलेल्या माणसाला बरं वाटत असेल तर त्यात चूक काय? काही चूक नाही. पण त्यांना ज्या गावाने डोक्यावर घ्यायला हवं होतं त्या गावात आई राहत नव्हती, एवढंच माझं म्हणणं आहे.

आमचा एक सगळ्यात लाडका सिनेमा होता. त्यात एक रँच असते, तिचा म्हातारा मालक, त्याची मुलगी, आणि त्यांचं पाणी तोडणारा काळ्या हॅटवाला. मध्यावर एक संध्याकाळ येते. हिरो रँचवर पोचतो, मुलगी लाकडी कुंपणाशी उभी असते, ती त्याच्याकडे वळते, आणि तिथे चित्र टचकन उडतं. पुढच्या क्षणाला सगळे गडी टाळ्या वाजवत असतात आणि म्हातारा डोळे पुसत असतो. टाळ्या कशाला, डोळे कशाला, काही पत्ता नाही. बाबा दरवेळी तिथे उसळायचे. ‘इथे गाणं कापलंय लेकाच्यांनी. साबणाच्या जाहिराती बसवायला गाणं कापतात. गाणं कापणाऱ्याचे हात तोडले पाहिजेत.’ तासाच्या स्लॉटमध्ये बसवायला टीव्हीवाले त्या सिनेमांतली गाणीच आधी छाटायचे, हे खरं आहे. मग बाबा उठून उभे राहायचे. ‘मी पाहिलाय ना कॅम्पात पूर्ण. इथे तो तिला गाणं म्हणून दाखवतो.’ आणि जाहिराती चालू असताना ते हिरोचं गाणं म्हणायचे, शेवटी ती गळ्यातून आवाज उलटवत काढायची लकेर घेऊन. सुरेख म्हणायचे. खोटं कशाला बोलू? माझं सगळं बालपण त्या कापलेल्या जागेत बाबांचाच आवाज होता.

आईचा आवाज कुठे होता ते सांगते. व्हॅक्यूम क्लीनरखाली. ती लग्नाआधी मिरजेला गाणं शिकली होती, चांगली आठ-नऊ वर्षं, पहाटे उठून खर्ज लावणारी. लग्नानंतर पेटी घरात आली ती बाबांची. आमच्याकडे कोणी जेवायला आलं की जेवणानंतर पेटी बाहेर निघायची, बाबा गायचे, लोक वाहवा करायचे, आणि आई आत गरम पोळ्यांचा दुसरा डबा करत असायची, जाणाऱ्यांबरोबर द्यायला. तिला गायला सांगायचं कोणाला सुचायचं नाही, आणि आपण होऊन पुढे होण्याचं तिच्यात नव्हतं. पण व्हॅक्यूम लावला की ती गायची. त्या गुरगुरीखाली कोणाला ऐकू जात नाही असा तिचा समज. मला कळलं ते योगायोगाने: एकदा माझा पाय वायरीत अडकला, प्लग निघाला, आणि अचानक शांत झालेल्या खोलीत आईचा एक लांब, सरळ, काठोकाठ भरलेला सूर तेवढा राहिला. ती दचकून थांबली. मला म्हणाली, ‘वायर बघून चालत जा गं.’ त्यानंतर शाळेतून आले की मी व्हॅक्यूमच्या मागेमागे फिरायचे.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नाटक करायचं ठरलं तेव्हा बाबा पेटून उठले. दरवर्षी तेच तेच विनोदी प्रवेश कशाला, आपण नवं संगीत नाटक करू, टेक्सासमध्ये राहतो तर टेक्सासचं करू. त्यांनी ‘संगीत लाल दरी’ नावाचं तीन अंकी नाटक लिहून काढलं. म्हणजे आमचा तो लाडका सिनेमाच, मराठीत. काउबॉयचं नाव जयराम. काळ्या हॅटचा सावकार मंडळाचे अध्यक्ष गोडबोलेकाका, स्वभावाने इतके गरीब की तालमीत पिस्तूल रोखताना ‘सॉरी हं’ म्हणायचे. त्यांच्या पत्नी, गोडबोलेकाकू, पेटीवर. मला काम मिळालं घोड्यांचं: नारळाच्या दोन करवंट्या टेबलावर आपटून टापा वाजवायच्या. तेव्हा नारळ म्हणजे सणावारी मिळाला तर मिळाला, म्हणून त्या करवंट्या आईने घासून पुसून जपून ठेवल्या होत्या. आणि रँचच्या मालकाची मुलगी सुलोचना, ती आई. दुसरं कोणी मिळेना म्हणून.

तालीम आमच्या गॅरेजमध्ये व्हायची. बाबांनी घरामागचं खरंखुरं कुंपण उखडून त्याचा तुकडा आत आणला होता. पहिल्याच तालमीत आईने विचारलं, ‘मी इथे काय करते?’

‘तू कुंपणाला टेकून उभी राहतेस. मी गातो.’

‘आणि पुढच्या प्रवेशात?’

‘तिथेपण मी गातो. तू ऐकतेस. अगं, चेहऱ्यावर भाव दाखवायचे, ते सोपं नसतं.’

‘अहो, दोन तास काय नुसती कुंपणाला टेकून राहू? खांब आहे का मी?’

सगळे हसले. गोडबोलेकाकू हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘मधुकरराव, सुमनला एक पद द्या की. माझी पेटी तरी सत्कारणी लागेल.’ चारचौघांत नाही कसं म्हणणार? बाबांनी बरं म्हटलं. शब्द लिहायला मात्र त्यांना वेळ झाला नाही, म्हणून ते आईनेच लिहिले. ‘वाऱ्या, माझ्या कुंपणाशी घडीभर थांब’ अशी त्याची सुरुवात होती. चाल तिने भांडी घासताना बसवली, पिलू रागाच्या अंगाने. त्या महिन्यात ती व्हॅक्यूमशिवाय गायला लागली. सकाळी डबे भरताना, गाडीत, वाण्याच्या रांगेत ओठ न हलवता. गोडबोलेकाकूंनी तालमी ऐकून ऐकून एक दिवस विचारलं, ‘सुमन, आपल्या मुलींना शिकवशील का गं? दर रविवारी, तुमच्या घरी. पाच-सहा जणी तर मीच आणते.’ आई आधी नको नको म्हणाली. मग रात्री जेवताना बाबा नसताना मला म्हणाली, ‘नाटक नीट झालं तर विचार करू. लोकांना आवडायला हवं ना आधी.’ आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘पहिली तुला बसवीन. तुझा सूर बरा आहे.’ इतकं साधं वाक्य, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. मला अख्ख्या जगात तेव्हा तेवढंच हवं होतं.

नाटक शाळेच्या भाड्याने घेतलेल्या कॅफेटेरियात झालं. तिथे आठवडाभराच्या पिझ्झाचा वास असायचा, त्यात उदबत्त्या आणि बटाटेवडे मिसळले. वडे आईनेच सकाळपासून तळले होते. मग पातेली गाडीत भरून, हात धुऊन, साडी बदलून ती सुलोचना झाली. लोक डॅलसहून आले होते, कोणी ह्यूस्टनहून. बाबा पांढऱ्या हॅटमध्ये आले तेव्हा टाळ्या पडल्या, हशा झाला, पोरं शिट्ट्या मारायला लागली. मी विंगेत टेबलाशी बसून टापा वाजवत होते आणि मला अभिमान वाटत होता, हेही लिहून ठेवते.

मग दुसऱ्या अंकात आईचं पद आलं. ती कुंपणाशी उभी राहिली. काकूंनी सूर दिला. पहिल्या ओळीला मागच्या बाजूला मुलं बोलत होती. दुसऱ्या ओळीला ती गप्प झाली. मी आईला व्हॅक्यूमखाली ऐकलं होतं, गाडीत ऐकलं होतं, पण समोर माणसं बसलेली असताना कधीच ऐकलं नव्हतं. ती आवाज मोठा करत नव्हती. एखाद्या घरातून खुर्च्या काढून टाकल्यावर ते घर मोठं दिसतं ना, तसं काहीतरी तिथे झालं. वडे वाढायला मागे थांबलेल्या बायका दारात आल्या. पद संपलं. मग एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, कोणाचे तरी वडील भारतातून आलेले होते, त्यांनी काठी आपटून म्हटलं, ‘वन्स मोअर.’ मग सगळीकडून. ‘वन्स मोअर. वन्स मोअर.’

आईने विंगेकडे पाहिलं. माझ्याकडे. तिचा तो चेहरा मी विसरले नाही. आपल्या नावाचं पार्सल दारात आलंय आणि ते खरंच आपलं आहे का, अशी ती बघत होती. काकूंची बोटं पुन्हा धृपदावर गेली, सूर सुरू झाला, आईने श्वास घेतला. आणि समोरच्या विंगेतून बाबांनी मला हाताने खूण केली: टापा वाजव. जयरामची एंट्री.

मी वाजवल्या नाहीत. करवंट्या हातात होत्या, मी त्या पोटाशी घट्ट धरून ठेवल्या. बाबांनी पुन्हा खूण केली, डोळे मोठे केले. मी मान हलवली. तेव्हा ते घोड्याशिवायच आले. आईच्या घेतलेल्या श्वासावर, काकूंच्या चालू सुरावर, पांढरी हॅट मागे सारत स्टेजच्या मधोमध येऊन त्यांनी आपलं वाक्य म्हटलं, ‘चला, उशीर होतोय. घोडे तयार आहेत.’ घोड्यांचा आवाजच झालेला नव्हता, त्यामुळे लोक हसले. त्या हशात वन्स मोअर विरला. काकूंनी पेटीवरून हात काढून मांडीवर ठेवले. आईने घेतलेला श्वास तसाच सोडला आणि कुंपणाला टेकून उभी राहिली, लिहिलं होतं तशी.

पुढच्या प्रवेशात बाबांचं गाणं होतं. त्याला वन्स मोअर आला आणि त्यांनी तो घेतला. पुन्हा आला, पुन्हा घेतला.

परत येताना गाडीत वड्यांच्या तेलाचा वास भरून राहिला होता. बाबा खुशीत होते, पण माझ्यावर चिडलेले. ‘नंदू, एवढं एक काम दिलं होतं तुला. टापा वाजवल्या नाहीस. हसं झालं माझं.’ मग आईला म्हणाले, ‘आणि तुला थांबवायचं नव्हतं गं, पण वेग जात होता. हॉल सहाला सोडायचा होता.’

‘तुमच्या गाण्याला वेळ सापडला,’ आई म्हणाली.

‘अगं, लोक हिरोसाठी येतात.’ हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. आणि तेच मला आजतागायत गिळवत नाही. रागाने म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी माफी तरी मागितली असती.

त्या आठवड्यात गोडबोलेकाकूंचा क्लाससाठी फोन आला. आई म्हणाली, ‘माझा घसा बसलाय हो.’ पुढच्या आठवड्यात परत आला. घसा बसलेलाच होता. मग फोन यायचे थांबले. घसा मात्र तिने जन्मभर बसवून ठेवला. मंगळागौरीला, माझ्या लग्नात, माझी मुलगी पाळण्यात असताना, कोणी म्हटलं की सुमनकाकू, म्हणा ना काहीतरी, तर ती गळ्याला हात लावून हसायची. आणि व्हॅक्यूमखालीही ती गाईनाशी झाली. मी शाळेतून येऊन मागेमागे फिरले, मुद्दाम प्लग काढून पाहिला. खोली नुसती शांत झाली. आई म्हणाली, ‘का उगाच त्रास देतेस गं? काम करू दे.’ मला बस म्हण, मला सा लावायला शिकव, असं मी तिला नंतर कितीदा म्हटलं. ‘बाबांकडे शीक,’ म्हणायची. मी शिकले नाही. शनिवारचे सिनेमेही मी सोडले. बाबा एकटेच सोफ्याच्या हातावर बसायचे आणि कापलेल्या जागेत गायचे, आणि गाणं कापणाऱ्यांना शिव्या द्यायचे, दर शनिवारी, त्याच तोंडाने.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाबा माझ्याकडे असतात, खालच्या खोलीत. नव्वदीला आलेत. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण हॅटा आठवतात. नेपरव्हिलला असणाऱ्या माझ्या मुलीने गेल्या महिन्यात आजोबांसाठी एक लिंक पाठवली. ‘आय फाउंड आजोबाज मूव्ही. द फुल वन, नथिंग कट.’ हल्ली कोणी कोणी हे जुने सिनेमे शोधून, साफ करून, जोडून इंटरनेटवर टाकतात. शनिवार होता. मी टॅब्लेट बाबांच्या उशीला टेकवून लावला आणि शेजारी बसले. वाटीत चिवडा दिला, खऱ्या पोह्यांचा, मऊ करून.

रँच आली. म्हातारा आला. काळी हॅट आली, बाबांनी तिला बोट दाखवलं. मग ती संध्याकाळ. हिरो घोड्यावरून उतरतो, मुलगी कुंपणाशी उभी असते, ती वळते. माझं अंग आपोआप आवळलं, आता चित्र उडेल म्हणून. उडालं नाही. मुलीने ओठ उघडले आणि ती गायला लागली. ती. आख्खं गाणं, दोन कडवी. आणि हिरो हॅट काढून हातात धरतो, कुंपणाला टेकून उभा राहतो आणि शेवटपर्यंत ऐकतो. मग गडी टाळ्या वाजवतात, म्हातारा डोळे पुसतो. कापलं होतं ते हे. माझ्या सगळ्या बालपणात जिथे बाबा गायले ती जागा त्या मुलीची होती.

मी सिनेमा थांबवला. ‘बाबा, इथे हिरो गातो म्हणायचात ना तुम्ही?’

‘छे, तिचंच होतं ते.’

‘माहीत होतं तुम्हाला?’

‘माहीत होतं की.’ चिवड्यातला एक दाणा शोधत ते सहज म्हणाले. ‘आम्ही पोरं बोंबलायचो थिएटरात तिचं गाणं आलं की. कधी संपतंय म्हणून. लोक हिरोसाठी यायचे.’

बोलण्यासारखं बरंच होतं, पण ज्याला सकाळचा उपमा आठवत नाही त्याच्याशी भांडायचं तरी कसं? मी परत सुरू केलं, गाण्याच्या शेवटी. बाबांनी मान डोलावली. त्यांना काय वाटलं कोणास ठाऊक, दाणे लागलेलं बोट वर करून ते पडद्याकडे बघत म्हणाले, ‘बरी गाते पोरगी. वन्स मोअर.’

मागे सरकवायला एका बोटाचं काम होतं. मी टॅब्लेट उचलला आणि बंद केला.

‘चला बाबा,’ मी म्हटलं, ‘उशीर होतोय. घोडे तयार आहेत.’

ते माझ्याकडे बघत राहिले. कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले. वाक्य ओळखलं त्यांनी, ते मी स्वच्छ पाहिलं. मला वाटलं आता तरी, निदान आता तरी तिचं नाव घेतील.

‘नंदू,’ ते म्हणाले, ‘तू टापा वाजवल्या नाहीस तेव्हा.’

मी वाटी उचलली, पांघरूण नीट केलं, टॅब्लेट चार्जिंगला लावला. मग बाहेर येऊन व्हॅक्यूम सुरू केला. त्या आवाजाखाली कोणी काहीही गायलं तरी आतल्या खोलीत ऐकू जात नाही. पण मला गाता येत नाही. ते शिकायचं राहिलं.